ह्यांना पित्त झालंय

बाईंच्या कानामागची काडी मी जरा आत वाकवत होतो आणि त्या नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघत होत्या. एवढ्यात त्यांनी विचारलं, काचेला रंग दिलाय का? म्हटलं, छे, पांढरी काच आहे, तुम्ही पांढरीच सांगितली होती. भिंतीवरची तसबीर सरळ लागलीय की नाही ते बघायला घेतात तसं त्यांनी डोकं थोडं मागे घेतलं, मला नीट न्याहाळलं आणि दुकानातला पंखा बंद आहे असं सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, "मग तुमचे डोळे पिवळे आहेत." आता चष्म्याचं दुकान म्हणजे आरशांचंच दुकान. काउंटरवर एक, खांबावर दोन्ही बाजूंनी, कपाटाच्या दारांना आतून बाहेरून. नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं, आणि तुम्हाला वाटेल मी ती वळवली असेल. मी काय केलं, तर त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, आतल्या खोलीत जाऊन काच दिव्यासमोर धरली, मऊ फडक्याने पुसल्यासारखी केली आणि बाहेर येऊन सांगितलं की बाई, तुमची नजर भारीच, कारखान्यातून येताना काचेवर एक पातळ लेप असतो तो राहिला होता, आता बघा. त्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं.  त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते वाचायला मला कुठल्याही नंबरची गरज पडली नाही.

दुकानात बसून मी लोकांना काय काय सांगत आलोय याला गणती नाही. एका गृहस्थांना मी असा चष्मा करून दिला की त्यांना जरासं पुढचं दिसायला लागलं, म्हणजे दाराची बेल वाजवायच्या आधीच आतून कोण काय म्हणणार ते कळायचं, आणि बिचारे बहुतेक दारांवरून बेल न वाजवताच परत फिरायचे. एका म्हाताऱ्या कुत्र्यालाही मी चष्मा बसवून दिलाय, तर त्याने पहिल्यांदाच मालकाला स्पष्ट बघितलं आणि घर सोडून गेला. गिऱ्हाईक हसतं, हसताना डोळ्याचा ताण सुटतो आणि नंबर अचूक निघतो, असं मी म्हणतो. बायको म्हणते, तसं काही नाही, तुमची जीभ टाळ्याला लागत नाही एवढंच. घरात माझ्या बोलण्याला एक ठरलेली कात्री आहे. मी सांगेन त्याचा पाव भाग धरायचा, बाकीचा माझ्या तोंडावर परत फेकायचा. ही कात्री तिने लग्नाच्या पहिल्या वर्षातच पाजळून ठेवली आणि पुढे सगळ्या नातेवाइकांना वाटली. त्यामुळे माझं यकृत गेलंय असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरातल्यांनी पहिल्यांदा पाव भागच धरला होता. जुन्या काविळीने आतल्या आत ते वाळत गेलं होतं, दारूचा थेंबही न घेता, आणि हे शेवटचं कुणालाच पटलं नाही, पाव भागसुद्धा.

नवं यकृत मला मुनीने दिलं. मुनी म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, माझा सख्खा मेहुणा. तो इमारतींच्या लिफ्टा तपासायच्या कामाला आहे आणि बोलत नाही. म्हणजे त्याला बोलता येतं, पण आपण दुसऱ्याच्या घरात खुर्ची ओढून घेत नाही तसा तो शब्द ओढून घेत नाही. लिफ्टच्या वरच्या खोलीत दोरांना हात लावून तो नुसता उभा राहतो आणि कुठला दोर थकलाय ते त्याला कळतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. तो म्हणे, नाही, त्याला यंत्र असतं. तेवढंच म्हणे. आमच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमून कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला मधुमेह, कुणाचं वय बसत नाही, असा गलबला चालला होता, तेव्हा दाराशी चपला काढता काढता मुनी म्हणाला होता, "माझं चालतंय का बघा." बाहेर पाऊस असला तर माझी छत्री घेऊन जा म्हणावं, तसं. ते चाललं. त्याच्या पोटातून मोठा तुकडा कापून माझ्यात बसवला आणि मी शुद्धीवर आल्यापासून जगाला सांगत सुटलो की पहिले काही दिवस माझी वाचाच गेली होती, मुनीचं यकृत ते, ते काय बोलू देतंय. आणि आता पहाटे आपोआप जाग येते, लिफ्टमध्ये शिरलो की वर बघावंसं वाटतं. मुनी हे ऐकून घ्यायचा. त्याच्या पोटावरही माझ्यासारखाच मोठा व्रण होता, पण त्याने तो कधी कुणाला दाखवला नाही. माझा व्रण मात्र पाहिला नाही असं गिऱ्हाईक सापडणं अवघड.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी खाज सुटली ती आधी तळहातांना, मग तळपायांना. दिसायला काहीच नाही, चट्टा नाही, पुरळ नाही, आतून मात्र कुणीतरी बारीक ब्रश फिरवत असल्यासारखं. मी टेबलाच्या पायाला तळवा घासत बसायचो. दंडांवर खाजवून खाजवून लाल रेघा उठल्या, त्या बघून बायको म्हणाली, पित्त उठलंय. आणि तिथून सगळं सुरू झालं. तसा या शब्दाला मी दोष देत नाही, गरीब शब्द आहे, पडेल ते काम करतो. अंगावर चट्टे आले की पित्त उठतं. घशाशी आंबट आलं की पित्त होतं. डोकं ठणकलं तर पित्ताने, उलटी झाली तर पित्त पडलं, आणि माझ्यासारखा नवरा गाठीला असला की बायकोचं पित्त खवळतं. इतकी कामं करणाऱ्या शब्दाचं स्वतःचं घर कुठे, तो मुळात कुठल्या नळीतून कुठे जातो, हे कोण विचारत बसतंय. बायकोने गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि मोठ्या ऑपरेशनचा माणूस म्हणून इस्पितळात फोनही केला. रुग्णांचे फोन घेणारी एक गोड आवाजाची मुलगी तिथे होती. बायको तिला म्हणाली, "ह्यांना पित्त झालंय." मुलीने आस्थेने विचारपूस केली, जेवणात तिखट जास्त होतंय का, जेवल्यावर लगेच आडवे होतात का, आणि जळजळीची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली. बायकोने अंगावर उठणारं पित्त सांगितलं, मुलीने घशाशी येणारं ऐकलं, आणि मी गोळी घेत राहिलो. कुणी खोटं बोललं नाही. माझ्या आयुष्यात इतक्या खऱ्या माणसांनी मिळून केलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

मुनीने तेवढं विचारलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो जेवायला आला होता आणि जेवताना टेबलाखाली माझा तळवा चालूच होता. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "तळवे?" एकच शब्द. मी लगेच सुरू झालो की अरे, दुकानात मुंग्यांची एक जात निघालीय, ती फक्त तळव्यांनाच चावते, खूप वर्षांपूर्वी चांभाराच्या दुकानातून स्थलांतर करून आलेली. बायको हसली. मुनी हसला नाही, आणि त्याने परत विचारलंही नाही. त्याचा हात शर्टावरून उजव्या कुशीवर गेला आणि तिथेच थांबला. आपल्या खिशातून काहीतरी पडलंय की काय असं चाचपतात, तसा. तो हात मला दिसला होता. दुकानातून त्या बाई निघून गेल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो हातच. आणि त्यानंतर मी खांबावरच्या आरशासमोर गेलो. पिवळा हा शब्दही तसा ढिलाच आहे, पण काचांच्या नमुन्यांत जिला आम्ही फिकट मधाची छटा म्हणतो, अगदी ती, दोन्ही डोळ्यांच्या कडांना, खालच्या पापणीच्या आत जास्त. लहानपणी मला कावीळ झाली होती तेव्हा आई खाटेच्या कडेला बसून असाच माझा डोळा खाली ओढून बघायची, आणि तिचा चेहरा बघून मला इतकी भीती वाटायची की मी तिला सांगितलं होतं, आई, मी पिवळा खडू खाल्लाय, म्हणून झालंय हे, दोन दिवसांत संपेल. ती हसली होती. भीती वाटली की आपण काहीतरी सांगायचं आणि समोरच्याने हसायचं, म्हणजे मग ती भीती दोघांत निम्मी होते, हा माझा हिशेब तेव्हापासूनचा. आरशातल्या माणसाला मात्र काय सांगावं ते मला सुचेना. नंबर काढायच्या सुट्या काचांची पेटी मी हातात घेतली, उगाच, हाताला काही असावं म्हणून, आणि काचा एकमेकींवर आपटून किणकिणायला लागल्या. मला वाटलं बाहेरून मोठी गाडी चाललीय, त्याने जमीन हादरतेय. रस्त्यावर काहीच नव्हतं. जमीन हलत नव्हती, मी हलत होतो. दात वाजायला लागले तेव्हा कळलं की ही हुडहुडी आहे, आणि भर दुपारी मी गल्ल्यामागे स्टुलावर बसून अंगावर काहीतरी घाला, काहीतरी घाला, असं रिकाम्या दुकानाला सांगत होतो.

इस्पितळात त्यांनी पहिली नळी हातात खुपसली, रक्त नेलं आणि मग प्रश्न सुरू केले. लघवीचा रंग? म्हटलं, कोऱ्या चहासारखा. तपासणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, किती कडक? बायको सवयीने म्हणून गेली की हे जरा वाढवून सांगतात, आणि मग तिचं तिलाच काहीतरी झालं, कारण ती पुढे म्हणाली, "नाही, नाही. आज ते सांगतील तेवढं सगळं धरा." कात्री अशी जाहीरपणे खाली ठेवलेली मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि खरं सांगतो, पिवळ्या डोळ्यांपेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त वाटली. ती सगळं खरं धरायला लागली म्हणजे परिस्थिती गंभीर. डॉक्टरबाईंनी खाजेचं विचारलं, कधीपासून, कुठे आधी. बायकोने पट्ट्यांचं सांगितलं, फोनचं सांगितलं, गोळीचं सांगितलं. बाईंनी लिहिणं थांबवलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पित्तच झालंय. यकृतात पित्त तयार होतंय आणि त्याला खाली उतरायला वाट नाहीये, म्हणून ते रक्तात चढतंय. शब्द तुमचा बरोबर होता."

या बाई दुर्बीणवाल्या. तोंडातून लांब दुर्बीण घालून, जठराच्या पुढे जाऊन, पित्तनळीच्या तोंडातून तार वर सरकवायची, जिथे आवळलंय तिथून ती पलीकडे न्यायची, तारेवरून बारीक फुगा नेऊन ती जागा फुगवायची आणि परत मिटू नये म्हणून आत प्लास्टिकची नळी ठेवायची, असं त्यांनी मला समजावलं. समजावताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि त्या तो मनगटाने वर ढकलत होत्या. डाव्या काडीचा स्क्रू ढिला. माझं त्यांच्या बोलण्यातून लक्षच उडालं. ज्या बाईंना माझ्या पोटातली केसाएवढी वाट शोधायची त्यांचा चष्मा नाकावर ठरत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. शेवटी मी म्हटलं, द्या इकडे, घट्ट करून देतो. त्या हसल्या, चष्मा काढून दिला, बायकोच्या पर्समधल्या शिवणपेटीतून मला बारीक पेचकससुद्धा मिळाला. आणि मी तो स्क्रूच्या खाचेत बसवू शकलो नाही. टोक खाचेवरून निसटे, परत लावलं की परत निसटे. आयुष्यभर जे काम मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत न बघता करत आलो ते माझ्या पिवळ्या बोटांना जमेना, आणि बाई चष्म्याशिवायच्या मऊ डोळ्यांनी माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. राहू दे, त्या म्हणाल्या.

दुर्बिणीची खोली मला आठवत नाही, तिथे गुंगीचं औषध देतात. आठवतं ते बाहेरचं, म्हणजे घसा सोललेला, तोंडात रबराची चव, आणि बाईंचा आवाज. म्हटलं, झालं? त्या खाटेच्या कडेशी बसल्या. तार गेली नाही, म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर रेघा काढून दाखवल्या. बोलताना त्या बोट टेकवत होत्या, ही तुमची नळी, खालून येतेय, आणि ही त्यांची, वरून. त्यांची, म्हणजे मुनीची. ऑपरेशनच्या वेळी ही तिला जोडली. जोड भरून येताना आवळत गेला आणि वाकलाही, त्यामुळे खालून गेलेली तार कोपऱ्यावर आपटून परत फिरतेय. तुंबलेल्या पित्तात जंतू झालेत, त्यावर औषध चालू आहे, ताप जरा उतरेल, पण साठलेलं पित्त बाहेर काढलंच पाहिजे. आता वरून येऊ, त्यांच्या बाजूने. कुशीतून सुई यकृतात घालायची, पित्त भरून फुगलेली नळी गाठायची आणि तिथून तार खाली सोडायची. मी विचारलं, आणि तीही नाही गेली तर? मग पित्त बाहेर पिशवीत काढत राहायचं आणि पोट परत उघडायचं, म्हणाल्या, पण असा जंतू पसरलेला असताना उघडणं धोक्याचं, आणि फार काळ तुंबून राहिलं तर यकृतच खराब होत जातं. मग दुसरं यकृत. मुनी दाराशी उभा होता. त्याच्याकडे न बघता मी विचारलं, "हे यकृत कसं आहे?" त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. अजून."

त्या गेल्यावर मी त्या ‘अजून’ शब्दाकडे बघत पडून राहिलो. हवा तर कागद फिरवून बघा, उलटा केला तरी खालची नळी माझीच होती. माणूस स्वतःच्या शरीरातली एक वस्तू दुसऱ्याला काढून देतो, परत मागत नाही, घरी जाऊन गप्प जेवतो, आणि आपलं शरीर ती वस्तू घेऊन काय करतं, तर तिचा गळा धरतं. हळूहळू, हसतखेळत, मुंग्यांच्या गोष्टी सांगत. मुनीचं यकृत काम करत होतं, त्याच्याचसारखं, न बोलता, पित्त करायचं आणि खाली पाठवायचं, आणि खाली माझ्या हद्दीत पाऊल टाकलं की रस्ता बंद. माझं आतलं काहीच सरळ नाही, असं बायको थट्टेने म्हणायची. कल्पना करा, ते कागदावर रेघेने काढून दाखवलं तर काय वाटेल. मुनी खुर्ची ओढून बसला, म्हणजे त्याने खरंच खुर्ची ओढली, फरशीवर आवाज झाला. बायको खिडकीशी पिण्याचं पाणी भरत होती. 

"भाऊजी," तो म्हणाला, "ती वाकडी नळी माझ्याकडची आहे."

म्हटलं, काहीतरीच काय, त्यांनी आत्ता काढून दाखवलं ना. तर म्हणाला, नाही, आधीच्या तपासण्यांत दिसलं होतं, साधारण चांगली रुंद नळी असते तिथे त्याची बारीक, तिरकी होती, जोडायला त्रास देईल, असं त्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. आणि मग? मग तो म्हणाला, जोडा. त्याने इतकं लांब वाक्य मागच्या दहा वर्षांत माझ्यासमोर बोललेलं नव्हतं. मी म्हटलं, अरे पण आवळलं माझ्या बाजूने. तो म्हणाला, बारीक होती म्हणून आवळलं. मी म्हटलं, माझं मांसच वाईट, व्रण बघ कसा दोरखंडासारखा उठलाय, तुझा बघ. तो म्हणाला, माझा दाखवलाच कुठे आहे तुम्हाला. दाराशी दोन माणसं आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं करत अडून राहतात तसे आम्ही दोघं त्या जोडाशी अडलो होतो, दोघांनाही दोष स्वतःकडे हवा होता, आणि मला एकदम कळलं की तो किती दिवस हे घेऊन आमच्याकडे जेवायला येत होता. तळवे, असं त्याने विचारलं होतं. बायको खिडकीशी वळली आणि म्हणाली, "दोघंही गप्प बसा, नाहीतर माझं पित्त..." आणि थबकली. शब्द खोलीच्या मधोमध पडला आणि तिघांनीही त्याच्याकडे बघितलं. तिने भरलेलं भांडं उचललं, ओतून टाकलं आणि परत भरायला घेतलं.

सुईच्या खोलीत गुंगी हलकीच देतात, कारण माणूस जागा लागतो, सांगितलं की श्वास धरता आला पाहिजे. उजव्या कुशीवर थंड औषध चोळलं, बधिर करायचं इंजेक्शन दिलं. सुईवाले डॉक्टर जाड, शिशाचा जड झगा घातलेले, आणि त्यांच्या शेजारी तसाच झगा घालून दुर्बीणवाल्या बाई पडद्याकडे बघत उभ्या. मला दिसत होता तो फक्त छताचा एक तुकडा आणि पडद्याची कड. साहजिकच मी बोलायला लागलो. म्हटलं, डॉक्टर, माझ्याकडे एकदा एक सुई बनवणारा आला होता, त्याला स्वतःच्याच सुईचं भोक दिसेना. पुढची गोष्ट फार चांगली आहे. पण डॉक्टर म्हणाले, "बोलू नका. तुम्ही बोललात की लिव्हर हलतं." साध्या आवाजात. मी गप्प झालो. बोललं की ते हलतं. म्हणजे इतके दिवस, दुकानात, जेवताना, बायकोच्या फोनच्या मागे उभा राहून मी जेवढं बोललो त्या प्रत्येक शब्दागणिक मुनीचं ते मुकं यकृत माझ्या बरगड्यांखाली वरखाली होत राहिलं होतं.

सुई आत गेली ती कुशीत कळलीच नाही, कळली उजव्या खांद्यात, जिथे कुणी हातही लावला नव्हता. खांदा दुखतोय असं सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाही. श्वास घ्या, डॉक्टर म्हणाले. धरा. सोडा. परत धरा. नळी सापडली, असं बाई म्हणाल्या, आणि मग तार. तार मला जाणवत नव्हती, जाणवत होती ती त्यांची शांतता. पडद्याच्या कडेला एक केस हलताना दिसे, पुढे येई, वळे, स्वतःभोवती गुंडाळी होऊन थांबे. नाही, डॉक्टर म्हणत, परत. घशाशी गोष्ट येऊन बसली होती, सुई बनवणाऱ्याची नव्हे, कुठलीही, एखादं हत्तीएवढं खोटं, जे सांगितलं की ही माणसं हसतील आणि छातीवर बसलेलं हे जे काय आहे ते निम्मं होईल. मी ते गिळलं. गोष्ट नाही म्हटल्यावर तिच्याखाली जे होतं ते सगळं दिसायला लागलं, कधी नव्हे इतक्या स्वच्छ नंबरातून. मरायची भीती होती, होतीच, पण ती वरवरची होती. तिच्याखाली होतं ते हे की मेलो तर मुनीचं यकृत मारून मरेन. त्याचा एक तुकडा माझ्याबरोबर जाईल आणि तो माणूस दाराशी चपला काढताना पुढे जन्मभर कुशीला हात लावत राहील, बारीक होती म्हणून आवळली, असं मनात म्हणत, आणि त्याची समजूत घालायला मी नसेन. परत, डॉक्टर म्हणाले. बाई म्हणाल्या, जरा डावीकडे बघू या का? परत. घाम कानात उतरत होता. श्वास धरा, म्हणाले, आणि मी तो धरला आणि या वेळी तो सोडायला कुणी सांगेना. मी श्वास धरून पडून राहिलो, दोरांवर हात ठेवून माणूस उभा राहतो तितका निश्चल, सगळं अंग एक कान करून. पडद्याच्या कडेचा केस थांबला, थरथरला, आणि कडेबाहेर नाहीसा झाला.  मग दोघांपैकी कुणीतरी, मला अजून सांगता येणार नाही कुणी, अगदी हळू म्हणालं, "गेली."

फुगा फुगवला तेव्हा मी ओरडलो, ते काही सांगण्यासारखं नाही. नंतर बाईंनी येऊन सगळं नीट समजावलं. जोड उघडलाय, पण तो परत आवळायला बघणार, ही बाहेर आलेली नळी काही दिवस राहील, मग आतून नळ्या घालतील, दर काही महिन्यांनी बदलतील, वर्षभर तरी. त्यातून राहिला तर राहिला, नाहीतर पुढचं बघू. बायकोने विचारलं, घरी काय बघायचं, कशावर लक्ष ठेवायचं. बाई म्हणाल्या, खाज, लघवीचा रंग, ताप, आणि फोन केलात तर पित्त हा शब्द वापरू नका, जे दिसतंय ते सांगा. बायको मान डोलवत होती, परीक्षेला बसल्यासारखी.

कुशीतून निघालेली नळी खाटेच्या कडेला एका पिशवीत उतरत होती. पिशवीत आधी चिखलासारखं काळपट हिरवं आलं, त्यात कण होते. दुपार कलताना पातळ झालं, आणि मग त्याला रंग आला, उजेडासमोर धरलेल्या गडद काचेचा, हिरव्याला सोन्याकडे ओढणारा. मी तोंड उघडलं होतं. आत काय घडलं त्याची माझ्याकडे आता एक गोष्ट होती, तारेची, गुंडाळीची, धरलेल्या श्वासाची, आणि ती कात्री न लावता जशीच्या तशी सांगितली तरी कुणी हसलं नसतं. मुनी आत आला. खाटेला वळसा घालून पिशवीच्या बाजूला गेला आणि वाकून बघायला लागला. त्याने बहिणीला विचारलं, हे तिथून येतंय? ती म्हणाली, हो, सरळ तिथून. तो आणखी वाकला, तळहात पिशवीखाली धरला, तिचा भार हातावर घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं जे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"भाऊजी," तो म्हणाला, "गरम आहे हो."

बायको म्हणाली, हात धुऊन घे रे नंतर. तो बरं म्हणाला. पण हात काही काढीना, आणि मीही काढ म्हणालो नाही.